हाताला मुंग्या आल्या म्हणून विणायच्या सुया टाकू नका



थंडी सुरू झाली की शेवगावच्या आमच्या विहारात रविवारी दुपारी वंदनेनंतर आम्ही आठ-दहा जणी मागे थांबतो. सतरंजीवर पिशव्या उघडल्या जातात, लोकरीचे गुंडे बाहेर येतात, सुया चालू होतात. कुणी नातवाचा स्वेटर घेऊन बसते, कुणी सासऱ्यांची कानटोपी. परिचारिकेचा डिप्लोमा करत असताना वसतिगृहात एका सीनियर सिस्टरने मला टाके घालायला शिकवले होते. नोकरी सुटली, गावोगाव आरोग्याचे काम सुरू झाले, पण सुया सुटल्या नाहीत.

सध्या आमच्या हातात तीन कामे आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला नवजात बाळांच्या आयांना द्यायच्या टोप्या, मधुमेह असलेल्या दोघा वडीलधाऱ्यांसाठी सैल पायमोजे, आणि स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या आमच्यातल्याच एका ताईसाठी सुती कृत्रिम स्तन.

मागच्या महिन्यात आमच्यातल्या एक मावशी अर्धवट टोपी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, “सिस्टर, ही तूच पुरी कर. माझं विणणं बंद.” रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, सकाळी कप हातातून निसटतो. मुलाने घरात फर्मान काढले होते, “त्या सुयांमुळेच होतंय, फेकून दे त्या.” मावशींनी सुया फेकल्या नव्हत्या, पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवल्या होत्या.

हे ऐकून मी ठरवले की या वेळी आरोग्याच्या पानावर यावरच लिहायचे. बाईचा हात दुखू लागला की घरातले पहिल्यांदा तिचा छंद बंद करतात. धुणे, भाकरी, वेचणी मात्र बंद होत नाही.

आधी हाताचा दिवसभराचा हिशेब मांडा

मी मावशींना विचारले, दिवसभर हात काय काय करतो ते सांगा. पहाटे पंधरा-वीस भाकरी थापणे. मग धुणे, त्यात साड्या आणि चादरी पिळणे. मग कापूस वेचायला जाणे. एकेक बोंड बोटांच्या चिमटीने ओढायचे, कमरेला ओटी बांधलेली, आणि मजुरी किलोवर, म्हणून हाताला विसावा नाही. वेचणी नसेल तेव्हा खुरपे. संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, भांडी. आणि रात्री जेवणे झाल्यावर, मालिका चालू असताना, जेमतेम एक तास सुया.

दहा-बारा तास हात राबला, त्यात विणकाम एका तासाचे. मग दोष फक्त त्या एका तासाचा कसा? विणकामाने हातावर ताण येतच नाही असे मी म्हणत नाही. घट्ट धरून, मनगट वाकवून, न थांबता दोन तास विणले तर दुखणे वाढते. पण हिशेब सगळ्या दिवसाचा करायला हवा.

मनगटात नेमके काय होते

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांचा आणि जाड पडद्याचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटवणारे नऊ स्नायुबंध जातात आणि त्यांच्या सोबत एक नस जाते. स्नायुबंध सुजले किंवा बोगद्यात पाणी साठले की जागा कमी पडते आणि नस दाबली जाते. याला डॉक्टर कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

ही नस अंगठा, पहिले बोट, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना देते. म्हणून मुंग्या आणि बधिरपणा याच बोटांत येतो, करंगळी सुटते. त्रास रात्री जास्त होतो, कारण झोपेत मनगट वाकलेले राहते. बाई उठून हात झटकते, मग बरे वाटते. दुर्लक्ष केले तर अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल भाग सपाट होत जातो आणि पकड कायमची कमजोर होऊ शकते.

घरी एक साधी तपासणी करता येते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटे खाली सोडा, मनगटे वाकलेली ठेवून एक मिनिट थांबा. या बोटांत मुंग्या आल्या तर संशय घ्या. पण यावरून रोग पक्का ठरत नाही, डॉक्टरांना दाखवावेच लागते.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. जोर लावून पुन्हा पुन्हा करावी लागणारी हाताची कामे हे एक कारण. शिवाय थायरॉइड मंदावणे, मधुमेह, संधिवात, वाढलेले वजन, गरोदरपण आणि पाळी जाण्याचा काळ हीही कारणे आहेत. म्हणून हाताला मुंग्या आल्या तर साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. मावशींची थायरॉइड मंदावलेली निघाली. नुसत्या सुया फेकल्या असत्या तर ते कळलेच नसते.

प्रत्येक दुखणे हेच नसते

- मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी दुखते, बाळ उचलताना कळ येते: ही तिथल्या स्नायुबंधाची सूज असू शकते. बाळंतिणींत ती बऱ्याचदा दिसते.
- दोन्ही हातांचे सांधे सुजतात, सकाळी अर्धा-एक तास बोटे वळत नाहीत: संधिवाताची तपासणी करा. उशीर झाला तर सांधे वाकडे होतात.
- करंगळी बधिर होते, किंवा अंगावर फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही: कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. लपवल्याने मात्र हात निकामी होतो. यात लाजण्यासारखे काही नाही.
- अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले: हा पक्षाघात असू शकतो. एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करा.

काय करायचे, काय टाळायचे

नस दाबण्याचा त्रास सुरुवातीचा असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपणे हा पहिला उपाय. पट्टी करकचून आवळू नका. निदान सहा आठवडे नेमाने बांधा, दोन रात्रीत फरक पडत नाही म्हणून सोडू नका. त्याने भागले नाही तर डॉक्टर मनगटात इंजेक्शन देतात, आणि बधिरपणा सतत राहत असेल किंवा पकड जात असेल तर छोटी शस्त्रक्रिया करतात. गरोदरपणातला त्रास बहुतेक वेळा बाळंतपणानंतर कमी होतो.

मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. त्याने पोटात जखम होते, मूत्रपिंड बिघडते, रक्तदाब वाढतो. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी घेऊच नये. “सगळ्या दुखण्यावर एकच पुडी” देणाऱ्यांपासूनही दूर राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.

कामाची पद्धतही बदला. खुरप्याच्या मुठीला जुने कापड गुंडाळून ती जाड करा, म्हणजे कमी जोर लागतो. साडी हाताने पिळण्याऐवजी नळाला वेढा देऊन पिळा, किंवा निथळत टाका. आणि चादरी पिळायला घरातल्या पुरुषांचे हातही चालतात. सुया फेकायला सांगणाऱ्या मावशींच्या मुलाला मी हेच सांगितले.

विणताना कसे बसायचे

- वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवा. मुठी दहा वेळा उघडझाप करा, खांदे फिरवा, उठून पाणी प्या.
- पाठीला भिंतीचा आधार घ्या आणि कोपरांखाली उशी ठेवा. मान खाली घालण्याऐवजी काम वर आणा.
- मनगट सरळ ठेवा आणि सुई हलकी धरा. टाके फार घट्ट येत असतील तर पकड घट्ट आहे असे समजा.
- स्वेटरसारखे जड काम असेल तर तारेने जोडलेली गोल सुई वापरा. कामाचा भार मांडीवर राहतो, मनगटावर येत नाही.
- काळी लोकर रात्री घेऊ नका. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसणारच. बाजारातला कुठलाही चष्मा लावण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी डोळ्यांचा पडदाही तपासा.

ज्यांच्यासाठी विणतो, त्यांची काळजी

नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्यातून बरीच उष्णता जाते. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असायला हवे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ फार लवकर गार पडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले आणि बाळाला घरीच ऊब देण्यासह नवजात बाळाची काळजी घरोघरी नेली. त्यामुळे बालमृत्यू कमी होतात हे त्यांनी १९९९ साली जगासमोर मांडले. आज आशाताई बाळाच्या घरी येतात त्यामागे या कामाचाही वाटा आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांची भेट व्हायला हवी. आल्या नाहीत तर बोलावून घ्या.

पण लक्षात ठेवा, सर्वांत चांगली ऊब आईच्या उघड्या छातीची. टोपी त्याला जोड म्हणून असते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो. विणकाम ताणते, म्हणून आम्ही टोपी ३० च्या आसपास ठेवतो. गळ्याला बांधायची नाडी, मणी, बटण काहीही लावत नाही. हातमोजे आणि पायमोजे उलटे करून आतले सुटे धागे कापतो, कारण असा धागा बाळाच्या बोटाला वेढला तर बोटाचा रक्तप्रवाह तुटू शकतो. बाळ कारण नसताना रडत असेल तर मोजे काढून बोटे पाहा.

आणखी एक धोका आहे. आपल्याकडे दुकानात मिळणारी लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते. ती आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. म्हणून अशी टोपी घालून बाळाला शेकोटी किंवा शेगडीजवळ अजिबात नेऊ नका. घरात उकडत असेल, बाळाला घाम येत असेल तर टोपी काढा.

मधुमेहींच्या पायमोज्यांचे तोंड सैल हवे, पायावर वळ उठता कामा नये. आत गाठ किंवा जाड शिवण नको, कारण बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. रोज रात्री मोजा काढून तळवे पाहा.

सुती कृत्रिम स्तनाबद्दल ऐकून काही जणी आधी हसल्या, मग गप्प झाल्या. सिलिकॉनचा महाग आणि जड असतो. सुती धाग्याचा, आत कृत्रिम कापूस भरलेला हलका असतो आणि धुता येतो. अमेरिकेत २०११ पासून हौशी विणकाम करणाऱ्या बायका असे स्तन विणून मोफत देतात. मुंबईकडे ‘साइशा इंडिया’च्या बायकाही हे काम करतात. मात्र जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच तो वापरायचा.

तो एक तास कशासाठी

२०१३ साली ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची पाहणी छापून आली. जे वारंवार विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटते असे जास्त सांगितले. अर्थात ही आवडीने विणणाऱ्यांनीच दिलेली उत्तरे होती. विणल्याने नैराश्य बरे होते असे मी कुणाला सांगणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक मन उदास असेल, झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला आणि डॉक्टरांकडे जा.

पण एक गोष्ट मी रोज पाहते. आपल्या बायकांच्या दिवसातला प्रत्येक तास मालकाचा, घराचा, लेकरांचा असतो. विणण्याचा तास तेवढा तिचा. त्या तासात ती काहीतरी पुरे करते, चुकले तर उसवून पुन्हा करते, आणि चारचौघींत बसून मनातले बोलते. तो तास काढून घेऊन हात बरा होत नाही.

मावशींना थायरॉइडची गोळी सुरू झाली, रात्री पट्टी असते. मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, पण रात्रीची झोप लागते. त्यांचा मुलगा आता रविवारी चादरी पिळतो, थोडी कुरकुर करतो. मागच्या रविवारी मावशींनी त्यांची अर्धवट टोपी माझ्याकडून परत मागून घेतली. वीस मिनिटे विणायचे, मग थांबायचे, असे ठरले आहे. घड्याळाकडे लक्ष माझे.