‘करंट देणारे’ कोण असतात?

कंबर धरली, खांदा आखडला किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झाले की आपल्याकडे माणूस ‘करंट घ्यायला’ जातो. ‘दहा सिटिंग सांगितलीत’ असे तो शेजाऱ्याला सांगतो. सिटिंग देणारी व्यक्ती कोण, ती काय शिकली आहे, हे मात्र त्याला सहसा ठाऊक नसते. थोडासा मालिशवाला, थोडासा यंत्राचे बटण दाबणारा, अशी भौतिकोपचारतज्ज्ञाची म्हणजे फिजिओथेरपिस्टची प्रतिमा आपल्या मनात घट्ट बसली आहे.

मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नाही. कामगारांच्या दुखापतींविषयी वाचता वाचता या विषयाकडे वळलो आणि रुग्णालयांच्या भौतिकोपचार विभागांतल्या बाकांवर बसून पुष्कळ काही शिकलो. दरवर्षी जून-जुलैत ओळखीचे पालक एकच प्रश्न विचारतात : ‘मुलीला फिजिओला घालावं का?’ त्याचे उत्तर पगाराच्या आकड्यात नाही, असे माझे मत झाले आहे. या व्यवसायाचे खरे भांडवल हात किंवा यंत्र नसून निर्णयशक्ती आहे, आणि समाज पैसे मात्र हाताचे व यंत्राचे मोजतो. ही तफावत समजली की या क्षेत्रातल्या वाटा आपोआप उलगडतात.

साथींनी आणि युद्धांनी घडवलेला व्यवसाय

१८९४ साली इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था स्थापन केली. त्या काळी लंडनमध्ये मालिशकेंद्रांच्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालत असल्याचा बोभाटा झाला होता. आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठी या स्त्रियांनी कडक नियम केले. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणावरही उपचार करायचा नाही, हा त्यांतला एक महत्त्वाचा नियम. त्याने व्यवसायाला प्रतिष्ठा मिळाली, पण पुढे तोच नियम बेडीही ठरला. ब्रिटनमध्ये ती बेडी सुटायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. २०१३ मध्ये तर तेथील पुढील प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओंना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचाही अधिकार मिळाला.

पहिल्या महायुद्धातून हातपाय जायबंदी झालेले सैनिक मोठ्या संख्येने परतले, तेव्हा या कामाला मोठी मागणी आली. आपल्याकडे ती मागणी आणली पोलिओने. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी वणवण केल्यावर त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र सुरू केले. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ आली आणि १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले भौतिकोपचार विद्यालय उभे राहिले. जागतिक आरोग्य संघटना, केंद्र व राज्य सरकार आणि मुंबई महापालिका या साऱ्यांचा त्यात हात होता. १९५५ मध्ये या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. म्हणजे भारतातल्या भौतिकोपचाराच्या शिक्षणाचे माहेर मुंबईच आहे.

त्याच सुमारास वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत होते. चांगल्या स्नायूचा कंडरा काढून तो निकामी स्नायूच्या जागी जोडायचा, ही ती पद्धत. पण जोडलेल्या स्नायूला आपले नवे काम ठाऊक नसते. ते त्याला शिकवावे लागते. सर्जनचे काम काही तासांत संपते, शिकवणे मात्र कित्येक आठवडे चालते.

नजर कशाची लागते?

स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. दोन श्रेणीचा हात टेबलावर सरकतो, पण वर उचलला जात नाही. तीन श्रेणीचा हात स्वतःचे वजन उचलतो, त्याहून अधिक नाही. दोन श्रेणीच्या हातात डंबेल देणे व्यर्थ आणि चार श्रेणीच्या हाताला नुसते शेकत बसणे हाही वेळेचा अपव्यय. आज रुग्ण कोणत्या पायरीवर आहे आणि उद्या त्याला किती चढवायचे, हे ठरवणे हाच या विद्येचा गाभा आहे.

सांधा बदलल्यानंतर कित्येकांचा गुडघा दुसऱ्याने धरला तर सरळ होतो, स्वतःहून मात्र पूर्ण सरळ होत नाही. यात सांधा दोषी नसतो, मांडीचा पुढचा स्नायू झोपलेला असतो. पक्षाघाताच्या रुग्णाला घरचे लोक प्रेमाने लुळा हात धरून उठवतात आणि त्यामुळे खांद्याचा सांधा निखळू लागतो. अशा वेळी चांगला फिजिओ आधी रुग्णाला नव्हे, तर घरच्यांना शिकवतो.

आणि करंट? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शिअल करंट आणि ट्रॅक्शन कंबरदुखीसाठी देऊ नयेत असे त्यांत म्हटले आहे. व्यायामाचा मात्र पुरस्कार केला आहे. अन्य काही व्याधींत विद्युत उपचारांना स्थान आहे, पण आपल्या शहरांत ज्यासाठी ते सर्वाधिक मागितले जातात त्या दुखण्यात पुरावा त्यांच्या बाजूने नाही. एक तरुण फिजिओ मला म्हणाला होता, ‘काका, नुसता व्यायाम शिकवला तर पेशंट म्हणतो, मशीन लावलंच नाही, मग पैसे कसले?’ या व्यवसायाची कोंडी या एका वाक्यात आली.

शिक्षण

महाराष्ट्रात या पदवीला बी.पी.टीएच. म्हणतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ द्यायची आणि सीईटी कक्षाच्या प्रवेश फेरीतून महाविद्यालय मिळवायचे, असा रस्ता आहे. परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. आजवर चार वर्षे अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप अशी रचना होती. २०२५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिपसह पाच वर्षे धरली आहेत. शरीररचना, शरीरक्रिया आणि हालचालींचे यांत्रिकशास्त्र हे पायाचे विषय. शेवटच्या विषयात ज्याला रस वाटत नाही, त्याने आधीच विचार करावा.

व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी ही वेगळी पदवी आहे. कृत्रिम अवयव बनवणाऱ्यांचे शिक्षणही वेगळे. जाहिरातींत हे सारे एकत्र कालवलेले असते. राज्यात व्यवसाय करायला राज्य परिषदेची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्याचा हक्क रुग्णालाही आहे आणि तो त्याने बजावावा.

वाटा

पहिली वाट रुग्णालयाची. अतिदक्षता विभागात छातीतला कफ मोकळा करण्यापासून हृदयशस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पहिली पावले टाकायला लावण्यापर्यंतची कामे तिथे असतात. कोविडच्या काळात त्यांची किंमत अनेक घरांना कळली. शिकायला याहून चांगली जागा नाही, मात्र सुरुवातीचा पगार बेताचाच असतो.

दुसरी वाट लहान मुलांची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाची मान कधी धरेल, ते कधी बसेल, यासाठी वर्षानुवर्षे काम करायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हास्तरीय केंद्रांत फिजिओचे पद असते. प्रसूतीनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेल्या स्त्रियांसाठीचे काम ही तिसरी वाट. खोकताना, हसताना लघवी सुटणे हे दुखणे आपल्या बायका निमूट सोसतात. व्यायामाने त्यातले पुष्कळ सुधारते, हे सांगणारी माणसे कमी आहेत.

खेळाडूंबरोबरचे काम सर्वांत झगमगीत दिसते, पण जागा थोड्या आणि फिरती फार. कारखाने व कार्यालयांत बसण्या-उचलण्याच्या पद्धती सुधारणे ही मला सर्वांत उपेक्षित वाटणारी वाट आहे. घरी जाऊन वृद्धांना उपचार देण्याचे काम पुण्या-मुंबईत वाढते आहे. तिथे कमाई लवकर सुरू होते, पण चुकले तर सांगायला वर कोणी नसते. म्हणून पदवी हातात पडताच त्यात उतरण्यापेक्षा दोन-तीन वर्षे मोठ्या विभागात काढलेली बरी.

परदेश ही अनेकांची मनातली वाट. तिथे आपली पदवी आपोआप चालत नाही. अमेरिकेत आधी शिक्षणाची छाननी होते आणि मग परवाना परीक्षा असते. तिथली आजची प्रवेशपदवीच डॉक्टरेटच्या पातळीची आहे. ब्रिटनमध्ये आरोग्य व्यावसायिकांच्या परिषदेकडे नोंदणी लागते.

‘डॉ.’चा वाद

२०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आयोगाच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात फिजिओंना नावाआधी ‘डॉ.’ आणि नंतर ‘पीटी’ लावण्याची मुभा दिसली. सप्टेंबरमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याविरुद्ध पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च झाली. मला हा वाद दुय्यम वाटतो. उपाधी मिळूनही रुग्ण ‘करंट’च मागणार असेल, तर त्या दोन अक्षरांनी काय साधले?

जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसन सेवेचा उपयोग होऊ शकेल, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गरज अफाट आहे. पण गरज आणि मागणी यांत अंतर असते, आणि ते रुग्णाच्या समजुतीने भरून निघते. म्हणून मुलीला या शिक्षणाला घालू पाहणाऱ्या पालकांना मी एवढेच सांगतो : तिला आठवडाभर एखाद्या भौतिकोपचार विभागात नुसते बसू द्या. एकाच माणसाने एकच हालचाल शंभरदा करताना पाहून ती कंटाळते, की एकोणिसाव्या आणि विसाव्या वेळेत काय बदलले हे तिच्या लक्षात येते, ते पाहा. दुसरे घडले, तर खुशाल पाठवा. आणि आपण रुग्ण म्हणून गेलो, तर यंत्र कोणते लावणार हे विचारण्याआधी घरी काय करायचे ते विचारावे.