यात्रा-बसची उंची आणि घाटातील वळण

क्षिप्रेच्या काठी वसलेल्या उज्जैन नगरीचा आणि मराठी माणसाचा संबंध पुरातन आहे. आज भाविक ज्या महाकालेश्वराच्या मंदिरात दर्शन घेतात, त्याचा जीर्णोद्धार 18व्या शतकात शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. त्या काळी दख्खनेतून माळव्यात जावयाचे म्हणजे महिन्याचा प्रवास असे. आता धुळे-शिरपूरमार्गे सेंधव्याचा बिजासन घाट चढून, खलघाटला नर्मदा ओलांडून किंवा ओंकारेश्वराहून भैरव घाटाने इंदूर गाठून, बस एक-दोन दिवसांत उज्जैनला पोहोचते. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘महाकाल लोक’ हा परिसर खुला झाल्यापासून ही वर्दळ वाढली आहे. 2016 नंतरचा पुढील सिंहस्थ 2028 मध्ये भरावयाचा आहे आणि तत्पूर्वी 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा आहे. साहजिकच गावोगावी यात्रेच्या बसगाड्या ठरविण्याची लगबग सुरू होईल.

या गाड्यांपैकी अनेक गाड्या म्हणजे लांब पल्ल्याच्या मार्गावर कित्येक वर्षे धावून निवृत्त झालेल्या आरामगाड्या असतात. यात्रा कंपनी आपला आचारी, शेगड्या, सिलिंडर, पातेली, पाण्याची टाकी आणि अंथरुणे बरोबर घेते. काही गाड्यांत मागची आसने काढून तेथे कोठीच केलेली असते. एका अर्थाने ते चाकांवरचे घरच होय. या जुन्या आरामगाड्यांचा भार पोलादी पाट्यांवर नसून हवेने भरलेल्या रबरी बलूनवर असतो, ही बाब भाडे ठरविणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्याकडे अशा गाड्यांचा परिचय मुख्यतः 2001 मध्ये व्होल्वो बसगाड्या आल्यानंतर झाला. एस. टी. महामंडळाच्या मुंबई-पुणे ‘शिवनेरी’ने प्रवास केलेल्यांना त्यांचा मऊपणा ठाऊक आहेच. परंतु हा मऊपणा एका अटीवर मिळतो. गाडीची उंची निर्मात्याने ठरवून दिली तेवढीच राहिली पाहिजे.

पाट्यांच्या गाडीत भार वाढला की पाटा दबतो आणि गाडी खाली बसते. बलूनच्या गाडीत असे घडत नाही. चॅसी व एक्सल यांच्यामध्ये एक लहानशी झडप बसविलेली असते व तिला एक दांडी जोडलेली असते. प्रवासी चढले, गाडी किंचित खाली आली, की दांडी वर ढकलली जाते, झडप उघडते आणि टाकीतील हवा बलूनमध्ये शिरते. गाडी पूर्वीच्या उंचीवर आली की झडप मिटते. प्रवासी उतरले की याच्या उलट घडून जादा हवा बाहेर पडते. उज्जैनच्या नानाखेडा बस स्थानकावर आरामगाडी रिकामी होताना जो ‘फुस्स’ असा आवाज ऐकू येतो, तो बहुधा हाच. पुष्कळ बसगाड्यांत अशा झडपा तीन असतात, एक पुढे व दोन मागे. चुलीला तीन दगड का असतात हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला याचे कारण सांगावयास नको. तीन दगडांवर पातेले डगमगत नाही, चौथा ठेवला की कोणता तरी एक अधांतरी राहतो. चार कोपऱ्यांवर चार झडपा असत्या तर त्या एकमेकींशी भांडत राहिल्या असत्या.

ही दांडी वाकली, झडपेत धूळ-गंज शिरला किंवा एखादा बलून झिजून पाझरू लागला की उंची बिघडते. अनेकदा मालक ती हेतुपुरस्सर बिघडवितो. खराब रस्त्यावर व उंच गतिरोधकांवर गाडीचे पोट घासते म्हणून मागची बाजू दोन इंच उचलून द्या, असे तो मेस्त्रीला सांगतो आणि मेस्त्री दांडीची लांबी बदलून किंवा ती तारेने बांधून हे काम पाच मिनिटांत करून देतो. गाडी रुबाबदारही दिसू लागते. परिणाम कळतो तो चालकाला, आणि तोही घाटात.

पुढील चाके ज्या अक्षावर वळतात तो अक्ष सरळ उभा नसतो. त्याचा माथा किंचित मागे झुकलेला असतो. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, तोच प्रकार. या झुकावामुळे वळण संपले की स्टिअरिंग आपोआप सरळ होते आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकत नाही. पुढील व मागील चाकांत 6 मीटर अंतर असलेल्या बसची मागची बाजू 5 सेंटिमीटर उचलली, तर संपूर्ण गाडी सुमारे अर्धा अंश पुढे झुकते आणि कॅस्टर जवळपास तेवढाच घटतो. अर्धा अंश म्हणजे क्षुल्लक, असे वाटेल. पण मूळ झुकावच काही थोड्या अंशांचा असतो. त्यातील अर्धा गेला की स्टिअरिंग हलके, पोकळ लागू लागते. समोरून ट्रक वेगाने गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी सरकते आणि चालक रात्रभर बारीक बारीक दुरुस्त्या करीत राहतो. पहाटेपर्यंत त्याचे खांदे भरून येतात. याउलट मागची बाजू खचली तर स्टिअरिंग जड होते आणि दिव्यांचा झोत वर जातो. तेवढ्याच 5 सेंटिमीटरच्या फरकाने 50 मीटरवर प्रकाश सुमारे 40 सेंटिमीटर वर सरकतो, म्हणजे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत.

दुसरा दोष बलूनच्या हालचालीचा. योग्य उंचीवर बलूनला वर आणि खाली, दोन्हीकडे जावयास जागा असते. गाडी खाली बसलेली असली की वळणावर बाहेरच्या बाजूचा बलून पूर्ण दबतो आणि चॅसी रबराच्या ठोकळ्यावर आदळते. मऊ गाडी क्षणार्धात दगडासारखी कडक होते, मागची चाके रस्त्यावरील पकड सोडू लागतात. गाडी फार उंच केलेली असली तर शॉक ॲब्सॉर्बर आधीच ताणलेले राहतात, खड्ड्यात चाक खाली जाण्यास वाव राहत नाही, आणि इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या दांड्याचे सांधे चुकीच्या कोनात फिरून थरथरू लागतात. एका बाजूचाच बलून मऊ असेल तर गाडी त्या बाजूला कललेली धावते. त्याच बाजूला भार टाकणारे वळण आले की तिच्याकडे राखीव असे काही उरलेले नसते.

उलटण्याचा धोका उंचीमुळे वाढतो, परंतु त्यात टपावरील सामानाचा वाटा अधिक असतो. उदाहरणादाखल 12 टनांची बस घ्यावी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 1.2 मीटरवर आहे असे मानावे. टपावर, 3.3 मीटर उंचीवर, 500 किलो सामान चढविले तर गुरुत्वमध्य सुमारे 8 सेंटिमीटर वर जातो. गाडी 5 सेंटिमीटर उचलल्यास आणखी जवळपास तेवढीच भर पडते. दोन्ही मिळून वळणावर न उलटता टिकण्याची क्षमता सुमारे एक दशांशाने घटते. हा हिशेब गाडी मुळीच कलत नाही असे धरून आहे. प्रत्यक्षात मऊ बलूनवरची गाडी कलतेच, तेव्हा खरा तोटा जास्तच समजावा.

येथे अधिकाऱ्यांनी लक्षात घ्यावयाची एक गोष्ट आहे. पाट्यांची गाडी जादा भाराने दबली की डोळ्यांना दिसते. झडपा ठीक असलेली हवेची गाडी जादा भार घेऊनही सरळ उभी राहते. 1000 लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन भार, पण तो बाहेरून मुळीच जाणवत नाही. भार तपासावयाचा तर वजनकाट्यावरच. तसेच प्रवासी बसचे निवासी गाडीत रूपांतर करावयाचे असल्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार फेरबदलाची रीतसर नोंद आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर या विषयाकडे अधिक काळजीने पाहणे प्राप्त झाले आहे.

परदेशातही हा अनुभव नवा नाही. अमेरिकेतील जनरल मोटर्सने 1973 ते 1978 या काळात जीएमसी मोटरहोम नावाची फिरती घरे बनविली. तिची पुढची चाके गाडी ओढीत. मागे प्रत्येक बाजूस एकामागे एक अशी दोन चाके व त्यांच्यामध्ये हवेची एक पिशवी होती. मुक्कामाच्या जागी मागची बाजू वर-खाली करून घर समतल करण्याची सोयही तिला मिळे. यातच चूक होण्याचा संभव असतो, कारण मुक्कामाची उंची आणि रस्त्यावरची उंची एक नव्हे. तिचे जाणकार मालक आजही चाकांचे कोन जुळविण्यापूर्वी टेप घेऊन प्रथम उंची मोजतात. उंची चुकलेल्या गाडीचे कोन जुळविले तर ते चुकीच्याच गाडीसाठी जुळतात. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची. ब्रेक आणि बलून यांना हवा पुरविणारा कॉम्प्रेसर एकच असतो. ब्रेकच्या टाक्या आधी भराव्यात व बलून फुटला तरी ब्रेकची हवा राखली जावी, यासाठी मध्ये संरक्षक झडप असते. जुन्या गाडीत ती निकामी असेल आणि बलून पाझरत असतील, तर बिजासन किंवा भैरव घाट उतरताना वारंवार ब्रेक दाबणाऱ्या चालकाला हवा अपुरी पडू शकते. बलून पाझरणे ही केवळ आरामाची तक्रार समजणाऱ्या मालकांनी याचा विचार करावा.

गाडी ठरविणारे सरपंच, सहल नेणारे शिक्षक यांना अवजारांची गरज नाही. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावयास सांगावे. मग मागे पंधरा-वीस पावलांवर उभे राहून ती कललेली दिसते का, ते पाहावे. चारही चाकांवरील कमानीतील फट वितीने मोजून डावी-उजवी सारखी आहे ना, याची खात्री करावी. नेमकी उंची मात्र मेस्त्रीने चॅसी व एक्सलवरील ठरीव खुणांमध्ये, निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून मोजावी. टायरपासून मोजलेले माप टायरमधील हवेबरोबर बदलते. इंजिन बंद केल्यावर तासाभरात गाडी एका बाजूला बसू लागली तर त्या बाजूचा बलून, नळी किंवा झडप पाझरत आहे. हे पाहण्यासाठी कोणीही गाडीखाली शिरू नये. बलून अचानक रिकामा झाल्यास चॅसी थेट अंगावर येते, म्हणून मेस्त्रीसुद्धा पोलादी आधार लावल्यावाचून खाली जात नाही.

उज्जैनला भस्म आरतीसाठी भाविक पहाटे चारच्या आधी निघतात. रात्रभर उभी असलेली जुनी गाडी त्या वेळी थोडी खचलेली असणे अस्वाभाविक नाही. जाणता चालक इंजिन सुरू करतो, दोन्ही टाक्यांचे काटे वर येईपर्यंत व गाडी उंचीवर उभी राहीपर्यंत थांबतो आणि नंतरच गाडी हलवितो. त्या पाच-सात मिनिटांत मागून कोणी कितीही हाका मारल्या, तरी त्याला घाई करू नये.