वेळासला शो टाइम नसतो!

वीकएण्डला रत्नागिरी म्हटलं की आपली गाडी सरळ गणपतीपुळ्याला वळते. यंदा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन बघा. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिथला सीझन.

बागमांडल्याला आम्ही गाडी फेरीबोटीत चढवली आणि दुर्बिणी गळ्यात अडकवल्या. बाणकोटच्या खाडीवर विटकरी पंखांची ब्राह्मणी घार डोक्यावरून गेली, कुरवांचा थवा बोटीमागे लागला. वेळासच्या किनाऱ्यावर इवलेसे चिखले लाटांशी पकडापकडी खेळत होते. पण इथला खरा हीरो पक्षी नाही, ऑलिव्ह रिडले कासव आहे!

अर्थात त्याचा पत्ता लागला तो पक्ष्यांमुळेच. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ची मंडळी समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी फिरत होती. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तेव्हा घरटं सापडलं की अंडी खाल्ली किंवा विकली जायची. भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच राखणीत सामील करून घेतलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले आणि अंडी विकण्यापेक्षा जपणं परवडायला लागलं.

मादी रात्री येते, शंभरेक अंडी वाळूत पुरते आणि निघून जाते. ती अंडी कुंपणाच्या आत पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघायच्या, बस्स. आमच्या पहिल्या तीन टोपल्या रिकाम्या. चौथीखाली मात्र तळहातात मावतील अशी अकरा पिल्लं! वाळूवर सोडली, तर सगळी सुसाट समुद्राकडे. एकाला लाटेने तीनदा मागे फेकलं, चौथ्यांदा पठ्ठ्या गेलाच.

हा प्रवास किती लांबचा? ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. देशाची पूर्व किनारपट्टी ते पश्चिम, तेही पोहत!

तेव्हा फ्लॅश बंद, हात खिशात. आणि टोपली रिकामी निघाली तर तोंड पाडू नका. यजमानांकडे उकडीचे मोदक हाणा, मुक्काम एक दिवस वाढवा. तुमच्या त्या मुक्कामावरच पुढच्या टोपल्यांची राखण चालते.