ताबोरचा राजा आणि रविवारचा मानकरी

4 फेब्रुवारी 2024 रोजी चेक प्रजासत्ताकातल्या ताबोर गावी सायक्लो-क्रॉसची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. नेदरलँड्सचा माथ्यू फान देर पूल सुरुवातीलाच सुटला तो कुणाला सापडलाच नाही. दुसरा आला त्याचाच देशबांधव योरिस न्यूवेनहाउस, तिसरा बेल्जियमचा मिकाएल फानथूरेनहाउट. त्या हिवाळ्यात फान देर पूल 14 शर्यतींत उतरला आणि त्यांतल्या 13 त्याने जिंकल्या. असं असूनही वर्ल्ड कप, सुपरप्रेस्टिज आणि एक्स-टू-ओ करंडक या मोसमातल्या तीन मोठ्या मालिकांपैकी एकीवरही त्याचं नाव नाही. तिन्हींवर नाव आहे एली ईसरबेट या लहानखुऱ्या बेल्जियन खेळाडूचं. ताबोरला तो पहिल्या तिघांतही नव्हता.

हा घोळ समजायचा तर आधी खेळ समजायला हवा. युरोपातल्या रस्त्यावरच्या सायकल शर्यती शरद ऋतूत संपतात, आणि त्याच सुमारास ही मंडळी शेतात, वाळूत, किल्ल्याच्या उतारावर उतरतात. अडीच ते साडेतीन किलोमीटरचा वेढा असतो आणि त्याच्या फेऱ्या मारायच्या असतात. पुरुषांची शर्यत साधारण तासभर चालते, स्त्रियांची 50 मिनिटं. किती फेऱ्या होणार हे आधी ठरलेलं नसतं. सुरुवातीच्या फेऱ्यांना किती वेळ लागला ते पाहून पंच आकडा लावतात. सायकल दिसायला रस्त्यावरच्या शर्यतीचीच, वाकड्या हँडलची. टायर मात्र खाचांचे, आणि नियमाने 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाहीत. वाटेत 40 सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या दोन फळ्या आडव्या उभ्या केलेल्या असतात. बहुतेक जण तिथे पळत्या सायकलवरून उतरतात, ती उचलून फळ्या ओलांडतात आणि पुन्हा उडी मारून बसतात. 1989 साली फ्रान्समधल्या पोंशातोला बेल्जियमचा डॅनी डे बी न उतरता सायकलसकट फळ्यांवरून उड्या मारत गेला आणि जगज्जेता झाला. आज ही उडी न येणारा पुरुष खेळाडू आघाडीला टिकणं अवघड.

चढ फार घसरडा झाला की सायकल खांद्यावर घेऊन धावायचं. चिखलाने गियर जाम झाले की ‘पिट’मध्ये शिरून दुसरी सायकल घ्यायची, तोवर पहिलीवर पाण्याचा जोरदार फवारा मारून मेकॅनिक ती पुढच्या वेळेसाठी तयार ठेवतो. म्हणून मोठ्या खेळाडूकडे एकाच दिवशी तीन-चार सायकली असतात, आणि कोरडी जमीन, ओली जमीन, निव्वळ चिखल यांसाठी वेगवेगळ्या खाचांचे टायर. टायरमध्ये हवा किती ठेवायची हा तर या लोकांचा जिवाभावाचा विषय. रस्त्यावरच्या सायकलीच्या मानाने ती इतकी कमी असते की आपल्याकडचा पंक्चरवाला पंप घेऊन धावत येईल.

खेळाचा जन्म फ्रान्समधला. दानियेल गुसो या फ्रेंच सैनिकाच्या पुढाकाराने 1902 साली तिथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1910 ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापीझने यशाचं श्रेय या हिवाळी सरावाला दिलं आणि खेळाला वजन आलं. पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत 1950 साली पॅरिसला झाली, ती जिंकली ज्याँ रोबिकने. स्त्रियांना स्वतःच्या जागतिक शर्यतीसाठी 2000 सालापर्यंत थांबावं लागलं. पहिली विजेती जर्मनीची हांका कुपफरनागेल. पन्नास वर्षांच्या या अंतराचं समर्थन होईल असं कारण मला तरी दिसत नाही.

पुढे खेळाचं बिऱ्हाड फ्रान्समधून बेल्जियमच्या डच भाषक भागात, फ्लँडर्समध्ये हललं. एरिक डे फ्लामिंकने 1966 ते 1973 या काळात सात जागतिक किताब जिंकले. आज तिथे 1 नोव्हेंबरला कॉपनबर्गच्या दगडी चढावर शर्यत असते आणि 1 जानेवारीला बालमध्ये, माजी जगज्जेता स्वेन नेसच्या नावाने. नाताळच्या आठवड्यात तर जवळजवळ रोज कुठेतरी शर्यत असते. रस्त्यावरची टूर कुणीही कडेला उभं राहून फुकट पाहतो. इथे मैदानाला कुंपण असतं, तिकीट असतं, आत बिअरचे तंबू आणि बटाट्याच्या फ्रेंच फ्राइजच्या गाड्या असतात, आणि आयोजकाचा संसार चालतो तो यावर.

गोम इथेच आहे. तिकीट खपतं ते नावांवर, आणि त्या वर्षांत ती नावं मुख्यतः तीन होती: फान देर पूल, बेल्जियमचा वाउट फान आर्ट आणि ब्रिटनचा टॉम पिडकॉक. तिघांचंही खरं दुकान रस्त्यावर. फान देर पूलने ऑगस्ट 2023 मध्ये ग्लासगोला रस्त्यावरचंही जागतिक अजिंक्यपद जिंकलं होतं, म्हणजे त्या हिवाळ्यात दोन्ही किताब त्याच्याकडे होते. अशा माणसाला ऑक्टोबरच्या चिखलाची घाई नसते. तो पहिल्यांदा उतरला 16 डिसेंबरला, बेल्जियममधल्या हेरेंटाल्सला, आणि जिंकला. वर्ल्ड कपच्या 14 फेऱ्यांपैकी अँटवर्प, गाव्हेरे, हुल्स्ट, झोनहोव्हन, बेनिडोर्म आणि होगरहाइडे अशा सहाच तो खेळला. पाच जिंकल्या. स्पेनमधल्या बेनिडोर्मला फान आर्ट पहिला आला आणि हा पाचवा.

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो तेव्हा गर्दी शेवटच्या जोडीसाठी थांबलेली असते, पण दिवसभर आखाडा तापता ठेवतात ते नारळावर आणि छोट्या इनामावर लढणारे पोरगे. सायक्लो-क्रॉसच्या त्या मोसमात ते काम ईसरबेटसारख्यांनी केलं. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड कपची पहिली फेरी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटरलूला झाली, तेव्हा तिन्ही मोठे घरीच होते. तिथे जिंकला थिबाउ नेस, स्वेनचा मुलगा. मग फ्रान्स, आयर्लंड, इटलीतल्या व्हाल दी सोलेचा बर्फ आणि मधल्या दिवसांत बेल्जियमच्या घरच्या शर्यती.

या मालिकांचं गणित हजेरीला मान देणारं आहे. वर्ल्ड कपात पहिल्याला 40 गुण, दुसऱ्याला 30, तिसऱ्याला 25. सुपरप्रेस्टिजमध्ये पहिल्याला 15 आणि पंधराव्याला 1. एक्स-टू-ओ करंडकात गुणच नाहीत. तिथे विजेत्याच्या किती मागे आलात तो वेळ मांडून ठेवतात आणि मोसमभर त्याची बेरीज करतात. म्हणजे एक वाईट रविवार फेब्रुवारीपर्यंत पाठ सोडत नाही. तीन वेगळ्या हिशेबांत एकाच माणसाने पहिलं यावं, ही गोष्ट 13 विजयांपेक्षा सोपी नाही. ती फक्त कमी दिसते.

स्त्रियांच्या मोसमातही अशीच वाटणी झाली. ताबोरला नेदरलँड्सच्या फेम फान एम्पलने सलग दुसऱ्यांदा जागतिक किताब जिंकला. दुसरी लुसिंडा ब्रांट, तिसरी पुक पीटरसे, तिघीही डच. वर्ल्ड कपची मालिका मात्र सेलिन देल कार्मेन आल्वाराडोकडे गेली. डोमिनिकन प्रजासत्ताकात जन्मून लहानपणी नेदरलँड्सला आलेली ही खेळाडू 2020 ची जगज्जेती. फरक इतकाच की स्त्रियांमध्ये बहुतेक नावाजलेल्या खेळाडू मोसमाच्या सुरुवातीपासून चिखलात असतात, त्यामुळे त्यांच्या ऑक्टोबरच्या शर्यतीही चुरशीच्या होतात. माझ्या मते त्या वर्षीचा सरस खेळ तिथे झाला.

पुरुषांच्या शर्यतींत कंटाळाही आला, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या दहा मिनिटांत निकाल कळला की गर्दी चेकाळते. 30 डिसेंबरला हुल्स्टला काही प्रेक्षक फान देर पूलला सतत डिवचत होते; तो जाता जाता त्यांच्या दिशेने थुंकला आणि त्याला 250 स्विस फ्रँकचा दंड झाला. शर्यत त्यानेच जिंकली. कुंपणापासून हातभर अंतरावर खेळाडू हीच या खेळाची गंमत आहे. बिअर चढलेल्या गर्दीत तीच अंगाशी येते.

दुसरा वाद आयोजकांचा. डिसेंबरमध्ये काही चांगले खेळाडू वर्ल्ड कपच्या दूरच्या फेऱ्या टाळून सरावाला किंवा घरच्या शर्यतींना गेले. जागतिक सायकल संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड लापार्तियां संतापले आणि अशांना पुढच्या फेरीत उतरूच देऊ नये अशी भाषा त्यांनी केली. त्यांचीही बाजू आहे. फेऱ्या बेल्जियम आणि नेदरलँड्सबाहेर नेल्या नाहीत तर खेळ दोन देशांपुरताच उरेल, आणि हिवाळी ऑलिंपिकचा दरवाजा ठोठावण्यासाठी तर बर्फावरच्या शर्यतीचा घाट घातला गेला. पण बर्फाची फेरी, विमानप्रवास आणि आठवड्याला दोन शर्यती यांचं ओझं पडतं ते पूर्णवेळ चिखलात राबणाऱ्यांवर. डिसेंबरात येणारे तारे आपल्या सोयीने फेऱ्या निवडतात, त्यांना कोण धमकावणार? पुढच्या मोसमात वर्ल्ड कप नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू झाला, फेऱ्या 14 वरून 12 झाल्या आणि अमेरिका यादीतून गेली. त्यातलीही सार्डिनियातली काब्रासची फेरी सोसाट्याच्या वाऱ्यामुळे रद्द करावी लागली.

फान देर पूलचं मोठेपण यात कुठे कमी होत नाही. त्याचे वडील आद्री 1996 चे जगज्जेते, आजोबा रेमों पूलिदोर फ्रान्सचे लाडके सायकलपटू. 2015 साली याच ताबोरला, विशीत, तो सर्वांत तरुण जगज्जेता ठरला होता. 2024 चा त्याचा किताब सहावा. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या लिएव्हँला सातवा जिंकून त्याने डे फ्लामिंकची बरोबरी केली. 2024 च्या फेब्रुवारीत चिखल धुऊन तो रस्त्यावर गेला आणि त्याच वसंतात टूर ऑफ फ्लँडर्स आणि पॅरिस-रुबे या दोन्ही शर्यती जिंकून आला.

तरी 2023-24 च्या हिवाळ्याचा मानकरी कोण असं विचाराल, तर माझं मत ईसरबेटला.