रातांब्याचा काढा : घोटाआधी पारख

मुंबई-गोवा महामार्गावरील पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता फुटतो. पावसाळ्यात येथे थांबलेल्या प्रवाशाला पहिली आठवण होते ती गरम चहाची. परंतु पातेल्यात आले आधीच ठेचून पडलेले असते आणि कंदमुळे वर्ज्य मानणारे कुटुंब ‘बिनआल्याचा मिळेल का?’ असे विचारीत उभे राहते. चहाचेच व्यसन सोडलेल्यांची अडचण त्याहून मोठी. अशा घरांना साजेसे पेय मात्र याच परिसरात आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या रातांब्याच्या सालीचा, म्हणजे आमसुलाचा, मसालेदार काढा हे ते पेय होय.

हल्ली मोठ्या शहरांत ‘हर्बल टी’ या नावाने जास्वंदवर्गीय फुलांचे, संत्र्याच्या सालीचे व सफरचंदाच्या तुकड्यांचे मिश्रण आकर्षक डब्यांतून विकले जाते. त्यात चहाची पत्ती बहुधा नसतेच. आपल्या भाषेत तो फळांचा काढाच होय. दूरच्या मालाला चढा भाव देताना घरच्या बरणीतील आमसुलाकडे दुर्लक्ष होते, ही व्यापारी कुटुंबांनी विचार करावा अशी गोष्ट आहे.

रातांबा हा पश्चिम घाटातील वृक्ष. शास्त्रात त्याला गार्सिनिया इंडिका म्हणतात. फळे साधारण एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. बिया व गर काढून साली उन्हात वाळवितात. वाळत असताना त्यांना फळाच्या, बहुधा मीठ घातलेल्या, रसाची पुन्हा पुन्हा पुटे देतात आणि मग त्या काळसर, लवचिक होतात. या कामाला सलग काही दिवसांचे कडक ऊन लागते. मेअखेरीस पिकलेली फळे पावसात सापडली, की झाडाखालीच कुजतात. सह्याद्रीच्या पायथ्याला, जेथे पाऊस धो-धो कोसळतो, तेथे हे नुकसान विशेष जाणवते. 1972 मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेली ‘कोकण अमृता’ ही जात पावसापूर्वी तयार होण्यासाठीच नावाजली आहे. भौगोलिक मानांकन ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ या नावाने आहे. त्या नावात रायगड नाही. तेव्हा येथील मालाची प्रतिष्ठा ग्राहकाच्या पारखीवरच अवलंबून राहते. फळ वेळेवर गोळा करून निगुतीने वाळविण्याचे कष्ट, चांगल्या आमसुलाला वेगळा भाव मिळाला तरच परवडतात.

ही पारख कशी करावी? चहाच्या व्यवसायात चव घेण्याची शिस्त ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 मिलिलिटर उकळत्या पाण्यास 2 ग्रॅम पत्ती घेऊन ती 6 मिनिटे झाकून ठेवतात. दोन नमुन्यांची तुलना करावयाची, तर वजन, पाणी आणि वेळ ही तिन्ही सारखी हवीत, हे त्यातील मर्म. आमसुलालाही तेच लागू करावे. दोन ठिकाणचे नमुने सारख्या वजनाने घेऊन, सारख्या गरम पाण्यात 10 मिनिटे झाकून ठेवावेत. त्यांत साखर, गूळ वा मसाला घालू नये. कोमट झाल्यावर लहान घोट जिभेवर फिरवावा. उत्तम आमसुलाची आंबट चव आधी येते, मागून किंचित तुरटपणा रेंगाळतो आणि फळाचा सुवास नाकात राहतो. मीठच पुढे आले, तर आमसुलाच्या भावात मीठ तोलले गेले असे समजावे. कुबट वास आला, तर वाळवणीत अथवा साठवणीत ओल राहिली हे निश्चित.

पारख झाल्यावर काढ्याची कृती अवघड नाही. चार लहान पेल्यांसाठी अर्धा लिटर पाणी घ्यावे. त्यात अर्धा चमचा जिरे, चार मिरे, दोन लवंगा व दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा भरड कुटून टाकावा आणि मंद आचेवर पाच मिनिटे उकळू द्यावे. पाव चमचा सुंठपूड घालून आच बंद करावी. नंतर धुतलेली सहा-सात आमसुले घालून दहा मिनिटे झाकण ठेवावे. आमसुले मसाल्याबरोबर उकळत ठेवली, तर तुरटपणा वाढतो. शेवटी गाळून, चवीपुरता गूळ विरघळवावा. आमसूल बिनमिठाचे असेल तरच चिमूटभर सैंधव घालावे. भांडे स्टीलचे असावे. पितळेचे असल्यास कल्हई शाबूत हवी, कारण आम्लाचा धातूवर परिणाम होतो. दूध घालू नये, ते फाटते.

या कृतीत आपल्या आहारनियमांची अडचण कोठेच होत नाही. ओल्या आल्याचे काम सुंठ करते, मधाचे गूळ करतो. हिरवीचा त्याग असलेल्या तिथीला ताजी गवती चहाची पात वगळावी. सुकी आमसुले वापरण्याबाबत आपापल्या घरचा नियम पाळावा. काढा सूर्यास्तापूर्वी, लागेल तेवढाच करावा, म्हणजे शिळा ठेवण्याचा प्रसंग येत नाही. उपवासात तो चालत नाही, कारण तेव्हा फक्त उकळलेले पाणीच घ्यावयाचे असते. दीर्घ तपाच्या पारण्याला रिकाम्या पोटी आंबट पेय न देणेच बरे. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनीही बेतानेच घ्यावा. रातांब्याच्या जातीतील दुसऱ्या फळाच्या अर्काच्या गोळ्या वजन घटविण्यासाठी विकल्या जातात. ते गुण घरच्या काढ्याला चिकटवू नयेत. काढा हे औषध नव्हे, पेय आहे.

दुकानदार माल तोलताना काट्याकडे पाहतो, तसे ग्राहकाने चवीकडे पाहावे. यंदाचे आमसूल बाजारात येईल तेव्हा दोन नमुने आणून घरच्या मुलांसमोर हा प्रयोग करावा. कोणता घ्यावा आणि का, हे त्यांनाच सांगू द्यावे. चांगला माल ओळखून त्याला योग्य भाव देण्याची सवय घरातच लागली, तर डोंगरावर कुजून जाणाऱ्या फळाचे मोलही आपोआप वाढेल.