चिखलात उतरणारा पाय

१९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कृत्रिम पाय बसवून घेतलेले रुग्ण काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसायचे. दिलेला पाय घरात पडून असायचा. तसा तो काही वाईट नव्हता. अमेरिकेत विकसित झालेला ‘साच फूट’ बुटात घालून सपाट रस्त्यावर चालायला चांगलाच होता. पण त्याचा घोटा हलत नसे, त्यामुळे उकिडवं बसता येत नसे की धड मांडी घालता येत नसे. शिवाय बूट हवाच. आता बूट घालून देवळात किंवा भाताच्या खाचरात कोण उतरणार?

‘काय हवंय?’ असं रुग्णाला विचारलं असतं, तर ‘चालायचंय’ एवढंच उत्तर मिळालं असतं. जमिनीवर बसून जेवणं ही काय डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे? म्हणूनच वापरणाऱ्याला प्रश्न विचारण्याआधी त्याचा दिवस कसा जातो ते पाहावं, असं डिझाइनच्या वर्गात आज शिकवतात. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि शाळेत फारसं न गेलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते कोणत्याही वर्गात न बसता केलं.

१९६८च्या सुमारास ‘जयपूर फूट’ तयार झाला. टाचेला आणि चवड्याला स्पंजसारखं रबर, घोट्याशी हलकं लाकूड, वरून कातडीच्या रंगाचं रबर. आणि हे सगळं साच्यात तापवून एकजीव केलेलं. टाचेचं रबर सगळीकडे दबतं, म्हणून खडबडीत बांधावरही पाऊल टेकतं. बोटं दिसतात, त्यामुळे अनवाणी फिरायला संकोच नाही. मुंबईच्या सुधा चंद्रन १९८४मध्ये याच पायावर पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. वर्तमानपत्रांना ती बातमी भावली. माझ्या मते खरी परीक्षा चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्याने घेतली.

उणिवा होत्याच. हातकाम असल्याने एक पाय टिकायचा, दुसरा लवकर फाटायचा. पण गरज फक्त पायाची नव्हती. रोजंदारी बुडवून खेड्यातून आलेला माणूस मापं, जोडणी, दुरुस्तीसाठी चार खेपा घालणार कुठून? १९७५मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती अशा माणसाला कुठल्याही वेळी दाखल करून घेते. राहणं-जेवण फुकट, आणि बहुतेकांना त्याच दिवशी पाय मिळतो.