गिऱ्हाइकाला प्रश्न विचारा

माल चोख असला की धंदा चालतो, असे आम्ही कापडवाले मानत आलो. पण १९९६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील माँटेरे गावी निघालेल्या एका हॉटेलाने पुढचा धडा दिला. नाव ‘बब्बा गम्प श्रिम्प कंपनी’. १९९४ च्या ‘फॉरेस्ट गम्प’ सिनेमावरून, पॅरामाउंट कंपनीच्या परवान्याने ते उघडले. सिनेमात बब्बा कोळंबीच्या धंद्याचे स्वप्न पाहतो आणि लढाईत मरतो. फॉरेस्ट दिलेल्या शब्दाखातर तो धंदा उभारतो, मित्राच्या आईला तिचा हिस्सा पोचवतो.

हॉटेलात मेजावर पाटी असते. ‘पळ, फॉरेस्ट’ म्हणजे काही नको. ‘थांब, फॉरेस्ट’ दिसले की वेटर थांबतो. ऑर्डर घेता घेता तो सिनेमावर प्रश्न विचारतो. लहानथोर उत्तरासाठी चढाओढ करतात आणि जेवण लक्षात राहते.

आमच्या बाजारात सणासुदीला लकी ड्रॉ असतो. आम्हीही कुपने वाटली. एकाला साडी लागली, बाकीचे हिरमुसून गेले. नशिबाच्या बक्षिसात गिऱ्हाइकाचा हात तो काय? त्यापेक्षा विचारावे, हिमरूत धागे कोणते? सूत आणि रेशीम, असे सांगणाऱ्याला दिलेला साधा रुमालही कमाईचा वाटतो. शिवाय त्याला कापडाची पारख येते आणि विणकराची कदर वाढते.

मात्र बक्षिसाचा खर्च मालाच्या भावावर चढवू नये. ते उत्तर गिऱ्हाईक न विचारताच ओळखते.